कोजागिरी, बर्फ आणि एल्क : गनिसनच्या डोंगरातले सात दिवस

बुधवार, २५ ऑक्टोबर २०२३

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाहीये. एका बाजूला लोकरीचे थर्मल, दोन टोप्या, तीन जोडी हातमोजे, दुसऱ्या बाजूला कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू, आणि मधोमध मुलगी बसलीये यादी वाचत, एकेक वस्तू टिक करत. उद्या सकाळी एल्कच्या शिकारीला निघायचं. कोलोराडोतल्या डेन्वरपासून गनिसन साधारण ३२० किलोमीटर, चार तासांचा रस्ता, पण तिथून पुढे जंगलात तंबू ठोकायचा म्हणजे एकदा गेलं की काही विसरलं म्हणून परत यायची सोय नाही.

थोडं मागचं सांगते. एल्क म्हणजे इथलं मोठं हरीण, आपल्या सांबराच्या खानदानातलं म्हणा, पण अंगाने अजून भरलेलं. नर ३०० किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. इंग्लंडमधली पुस्तकं वाचलेल्यांचा गोंधळ होतो कारण युरोपात एल्क म्हणतात ते इथलं मूस, तो प्राणी वेगळा. इथल्या एल्कचं जुनं नाव वापिती, शॉनी लोकांच्या भाषेतलं, अर्थ पांढऱ्या ढुंगणाचा. लांबून दुर्बिणीत बघितलं की पहिल्यांदा दिसतं तेच, त्यामुळे नाव एकदम पटतं. कोलोराडोत एल्क अडीच लाखांच्या वर आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

मला यात ओढलं ते शेजारच्या आजी-आजोबांनी. दोघंही सत्तरीला टेकलेले, इथलेच, आमची मुलं त्यांना आजी-आजोबा म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते. दरवर्षी हिवाळ्यात ते आम्हाला एल्कचं मटण आणून द्यायचे आणि मी त्याचा कोल्हापुरी रस्सा करून एक डबा त्यांच्याकडे पाठवायचे, असं सहा वर्षं चाललं. मागच्या डिसेंबरात आजी म्हणाल्या, पुढच्या वर्षी तू चल, मी शिकवते. घरातली खरी शिकारी आजीच आहे, आजोबा स्वतः सांगतात.

नवरा पुण्याचा, शाकाहारी. त्याने एकच प्रश्न विचारला, का? मी दोन दिवस विचार केला. लहानपणी दर रविवारी सकाळी बाबा मटणाच्या दुकानात रांगेत उभे राहायचे, मी पिशवी धरून शेजारी. चाळीस वर्षं मटण खाल्लं आणि त्यातलं मारायचं काम प्रत्येक वेळी दुसऱ्याने केलं. आयुष्यात एकदा तरी ते सगळं स्वतःच्या हाताने करावं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, असं मला मनापासून वाटत होतं. त्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला मग नीट शिकून कर, अर्धवट करू नकोस. तेव्हापासून मी तेच धरून बसलेय.

नीट शिकायचं म्हणजे काय ते कळायला फेब्रुवारी ते ऑक्टोबर गेले. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय शिकारीचं लायसन्स मिळत नाही, तो फेब्रुवारीत केला. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी अर्जाची मुदत संपते, कुठल्या भागात, कुठल्या सीझनला, नर की मादी हे सगळं भरून द्यायचं आणि मग सोडत. कुठल्या डोंगरात किती जनावरं आहेत, किती कमी झाली तरी चालतील, याचा हिशोब राज्याचा वन्यजीव विभाग म्हणजे कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ करतो आणि तेवढीच लायसन्स काढतो. मला मादीचं लागलं, दुसरा रायफल सीझन, २८ ऑक्टोबरपासून.

मग रायफल. पॉइंट ३०८, आजींनी निवडून दिलेली, माझ्या खांद्याला झेपेल अशी. उन्हाळाभर दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेले. टेबलावर रायफल टेकवून मारणं सोपं असतं हो, पण डोंगरात टेबल नसतं. आजींनी बसून, गुडघ्यावर, पाठीवरची बॅग समोर ठेवून तिच्यावर टेकवून, असं सगळ्या प्रकारे मारायला लावलं, आणि जिना चारदा चढून धापा टाकत मारायला लावलं. त्यांचा नियम असा की जेवणाच्या कागदी प्लेटवर पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावर लागतात ते आपलं अंतर, चार लागल्या तर ते अंतर आपलं नाही. माझं २०० यार्ड निघालं. वहीत लिहून ठेवलंय, त्याच्या पुढे मारायचं नाही.

आणि पाय. डेन्वर १,६०९ मीटरवर आहे म्हणजे आम्ही रोज जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर झोपतो, पण एल्क राहतात त्याच्या दुप्पट उंचीवर. डेन्वरजवळच्या रेड रॉक्स या खुल्या थिएटरच्या पायऱ्या पाठीवर वीस किलो तांदूळ घेऊन चढले, आठवड्यातून तीनदा, चढताना जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणत. लोक बघायचे, बघू देत.

रात्री आईचा फोन. "बंदूक घिऊन डोंगरात निघालीयस होय? एकटी न्हाईस न्हवं?" म्हटलं नाही गं, दोघं आहेत बरोबर. मग तिला काळजी लागली कोजागिरीची, कारण यंदा शनिवारी भारतात कोजागिरीच्या रात्रीच चंद्रग्रहण आहे आणि दूध कधी ठेवायचं, प्यायचं का नाही यावर सोसायटीत दोन तट पडलेत.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

सकाळी सातला निघालो, आजोबांचा ट्रक पुढे, मी आमच्या गाडीत मागे. २८५ नंबरचा रस्ता, केनोशा पास ओलांडला की एकदम साउथ पार्कचं मोकळं पठार, पिवळं गवत आणि लांब बर्फाची शिखरं. मग पोंचा स्प्रिंग्ज, तिथे पेट्रोल भरलं, आणि मोनार्क पास, ११,३१२ फूट. इथे खंडाची पाणवाट आहे, खिंडीच्या अलीकडे पडलेलं पाणी अटलांटिककडे जातं, पलीकडचं पॅसिफिककडे. महाबळेश्वरला आपण असंच बघतो ना, एका बाजूची कृष्णा पार बंगालच्या उपसागराला आणि दुसऱ्या बाजूची सावित्री अरबी समुद्राला. मी गाडीतून उतरून दोन मिनिटं उभी राहिले, डोकं थोडं जड झालं, पाणी प्यायले.

हा सगळा मुलूख यूट लोकांचा होता, १८८१ मध्ये त्यांना इथून युटामध्ये हाकललं. आजोबा हे दरवर्षी खिंडीत थांबून सांगतात म्हणे, आणि मला ते आवडलं.

गनिसनला दुपारी पोचलो आणि आजी म्हणाल्या, कॅम्पला जायच्या आधी रायफल तपासायची. मी म्हटलं परवाच तपासलीये, पाच गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, गाव सोडून रेंजवर गाडी नेली. पहिली गोळी १०० यार्डांवर पाच इंच डावीकडे. मला वाटलं माझा हात हलला. दुसरी तिथेच. तिसरी अजून डावीकडे.

स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, पुढचा स्क्रू ढिला होता. सप्टेंबरात मी स्वतः स्कोप काढून परत बसवला होता आणि अंदाजाने आवळला होता, किती आवळलं ते दाखवणारं टॉर्कचं रेंच न वापरता, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी तो सुटला. १०० यार्डांवर पाच इंच म्हणजे २०० वर दहा इंच. दहा इंच म्हणजे काळजाच्या ऐवजी पोट, आणि पोटाला गोळी लागलेलं जनावर तासनतास चालत राहतं आणि कुठेतरी झाडीत जाऊन मरतं. मी तिथे बाकावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. आजींनी ट्रकमधून रेंच काढलं, माझ्या हातात दिलं, त्यांनी हात लावला नाही. मीच काढलं, पुसलं, आवळलं, मग सतरा गोळ्या मारल्या, १०० यार्डांवर बरोब्बर दोन इंच वर, म्हणजे २०० च्या जवळ नेमकी मध्यावर येते.

ही एक गोष्ट शिकारीला जायचं म्हणणाऱ्या कुणालाही मी हात जोडून सांगेन. प्रवास झाल्यावर परत तपासा. घरी बरोबर होती याला काही अर्थ नाही.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

कॅम्प काल रात्रीच लागला, ओहायो सिटी आणि पिटकिन या गावांच्या वरच्या बाजूला, गनिसन नॅशनल फॉरेस्टमध्ये, साधारण ९,४०० फुटांवर. कॅनव्हासचा मोठा तंबू, आत लाकडाची शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर. ही जमीन सरकारी आहे म्हणजे सगळ्यांची, परवान्याशिवाय तंबू ठोकता येतो, फक्त मधेमधे खाजगी जमिनीचे तुकडे आहेत आणि त्यांची हद्द फोनवरच्या नकाशात ऑफलाइन उतरवून घेतलेली असली पाहिजे कारण इथे सिग्नल शून्य. सॅटेलाइट मेसेंजर आहे, त्यावरून नवऱ्याला रोज रात्री एक ओळ पाठवायची असं ठरलंय.

आज रायफल नाही, फक्त दुर्बीण. पहाटे वरच्या सोंडेवर चढलो आणि समोरचा उतार बघत बसलो. आजींनी शिकवलं ते असं की दक्षिणेकडच्या उतारावर ऊन पडतं, तिथे गवत असतं, एल्क रात्री तिथे चरतात, आणि उजाडलं की उत्तरेकडच्या अंधाऱ्या झाडीत शिरतात, स्प्रूसची दाट झाडी, दिवसभर तिथेच बसून राहतात. त्यामुळे माणसाला मिळतो तो सकाळचा अर्धापाऊण तास आणि संध्याकाळचा तेवढाच. बाकी दिवस वारा बघायचा. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते, संध्याकाळी परत खाली. एल्कचे डोळे फसतील, कान फसतील, नाक फसत नाही. म्हणून सकाळी त्यांच्या खालच्या अंगाने जायचं आणि दुपारी वरच्या. आजी खिशात एक छोटी बाटली ठेवतात, टाल्कम पावडर भरलेली, दर पाच मिनिटांनी एक फुंकर हवेत सोडतात आणि ती कुठे जाते बघतात. मी आता घरातही वारा कुठून येतोय बघायला लागलेय.

सात वाजून दहा मिनिटांनी दिसले. आधी मला दगड वाटले, मग एक दगड चालला. मोजले तर बावीस, एक नर, बाकी माद्या आणि यंदाची पिल्लं. पंधरा मिनिटांत सगळे झाडीत. ज्या जागेतून आत गेले ती जागा नकाशावर खूण करून ठेवली.

दुपारी परत सगळं सामान काढून बॅग भरली, कारण उद्या अंधारात शोधाशोध नको. नारिंगी जॅकेट आणि टोपी, कायद्याने किमान ५०० चौरस इंच झगमगीत नारिंगी किंवा गुलाबी अंगावर हवंच आणि टोपीसुद्धा (गुलाबीला २०१६ पासून परवानगी आहे, पण आजींना नारिंगीच आवडतो, मलाही). माणसाला लांबून दिसावं म्हणून तो रंग. दोन हेडलॅम्प. चाकू आणि बदलायची पाती. मांस ठेवायच्या जाळीदार सुती पिशव्या पाच. दोरी. लायटर दोन ठिकाणी. लायसन्सचा कागद, त्यालाच जनावराला बांधायचा टॅग जोडलेला असतो. पाणी गाळायचं फिल्टर रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचं, गोठलं की आतल्या नळ्या फुटतात आणि बाहेरून कळत नाही. आणि अंगावर सुती कपडा एकही नको, घामाने ओला झाला की वाळत नाही आणि थंडीत अंगातली ऊब शोषून घेतो, लोकर ओली असली तरी ऊब देते.

संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली तेव्हा आजोबा दचकून उभे राहिले. एवढ्या उंचीवर पाणी नव्वद डिग्रीलाच उकळतं, नुसत्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकरशिवाय खिचडी अशक्य. खिचडी, वर तूप, मेतकूट. दोघांनी दोनदा घेतली.

आणि मग मला आठवलं. आईची कोजागिरी उद्या, पण पौर्णिमा लागते ती इथल्या घड्याळाने आज दुपारी पावणेपाचला आणि उद्या दुपारी संपते. म्हणजे मध्यरात्रीची पौर्णिमा इथे आजच! दूध पावडरीचं होतं, केशर-वेलदोडा मसाल्याची पुडी मी का कोण जाणे निघताना टाकली होती. शेगडीवर आटवलं, पातेलं तंबूबाहेर एका ओंडक्यावर ठेवलं. चंद्र समोरच्या सोंडेवरून वर आला होता, बर्फाच्या शिखरांवर एवढा उजेड की हेडलॅम्प लागत नव्हता. आजींना सांगितलं, आज रात्री लक्ष्मी फिरते आणि विचारते कोण जागं आहे. आजी म्हणाल्या, एल्क जागे आहेत. पौर्णिमेला ते रात्रभर चरतात आणि उजाडायच्या आधीच झाडीत परततात, उद्या लवकर निघायला लागेल. नऊला झोपलो, पहाटे चारचा गजर.

शनिवार, २८ ऑक्टोबर

साडेचारला चालायला लागलो, चंद्र मावळतीकडे पण अजून भरपूर उजेड. सूर्योदय साडेसातचा, त्याच्या अर्धा तास आधीपासून गोळी चालवायची परवानगी, म्हणजे सात. सहाला जागेवर बसलो. एक तास. बोटं दुखायला लागली.

सात वाजून पाच मिनिटांनी कळप आला, पण कालच्या जागेने नाही, बराच वरून. आजींनी अंतर मोजायच्या रेंजफाइंडरमध्ये बघून कानात सांगितलं, ३४० यार्ड. सगळ्यात मागची मादी थांबली, आडवी, अगदी शिकवताना चित्रात दाखवतात तशी. स्कोपमध्ये ती एवढी मोठी दिसत होती की वाटलं सहज लागेल. मी सेफ्टीच्या खटक्याला हातच लावला नाही. दोन मिनिटं उभी होती, मग गेली. आजी काही बोलल्या नाहीत, नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुपारनंतर ढग, वारा, आणि सातच्या सुमाराला बर्फ. आजोबांनी शेगडी पेटती ठेवली आणि जुन्या गोष्टी सांगितल्या. १९०० च्या आसपास इथले एल्क जवळजवळ संपले होते, खाणीतल्या वस्त्यांना मांस विकायला म्हणून मारले, दात आणि कातड्यांसाठी मारले, कसलाच धरबंध नव्हता. कोलोराडोतल्याच एस्टेस पार्कला तर १९१३ आणि १९१४ मध्ये यलोस्टोनहून एल्क आणून सोडायला लागले. मग मर्यादा आल्या, सीझन आले, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि गोळ्यांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. आज मी घेतलेल्या गोळ्यांच्या डब्यातही तो कर आहे. मला दाजीपूर आठवलं. आमच्या कोल्हापूरकरांचं शिकारीचं रान, तिथे १९५८ ला अभयारण्य झालं आणि गवे टिकले. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि आपल्याकडची गर्दी बघता मला ते योग्यच वाटतं. इथे जागा आहे, मोजणी आहे, आणि नियम मोडला तर लायसन्स जातं. रस्ते वेगळे, पण जनावर राहिलं पाहिजे हे दोन्हीकडे एकच.

लांडग्यांचा विषय निघाला. २०२० ला इथे मतदान होऊन लांडगे परत आणायचं ठरलंय आणि डिसेंबरअखेरपर्यंत सोडायचेत. आजोबांचा विरोध, आजींचा पाठिंबा. आजी म्हणाल्या, त्यांचं लायसन्स आपल्यापेक्षा जुनं आहे.

रविवार, २९ ऑक्टोबर

गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फ. आजोबा कॅम्पवर थांबले, त्यांचा गुडघा दुखतोय. आम्ही दोघी झाडीत माग काढत गेलो, ताजे ठसे, कडा अजून तुटलेल्या नाहीत. चार तास. दर दहा पावलांना थांबायचं, बघायचं, ऐकायचं. मग साठ यार्डांवर फांद्यांच्या मागे एक कान हलला. नुसता कान. मी खाली बसले आणि त्याच क्षणी मला मानेवर वारा जाणवला, मागून. कुत्रा भुंकावा तसा एक आवाज आला, मादी धोक्याला असं भुंकते, आणि अख्खी झाडी कडाकडा मोडत गेली. बस. संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री पारा उणे चौदा. बूट झोपायच्या पिशवीच्या पायथ्याशी घेऊन झोपले.

सोमवार, ३० ऑक्टोबर

आभाळ स्वच्छ. आजींनी काल परतताना एक वाट हेरली होती, तीन वेगवेगळे माग एकाच ओहोळाच्या तोंडाशी ओलांडत होते. आम्ही त्याच्या खाली, एका पडलेल्या स्प्रूसच्या ओंडक्यामागे बसलो. पावडर सोडली, खाली, आमच्याकडे येत होती. बॅग ओंडक्यावर, रायफल बॅगवर.

सात वाजून चोवीस मिनिटांनी चार माद्या. पहिल्या दोघींबरोबर पिल्लं होती. तिसरी पुढे गेली. चौथी एकटी, थांबली, आडवी. आजी कुजबुजल्या, १५०. मी श्वास सोडला.

आवाज मला ऐकूच आला नाही. ती चाळीस यार्ड पळाली आणि बसावी तशी खाली बसली, मग आडवी झाली. आजी म्हणाल्या थांब, लगेच जायचं नाही, वीस मिनिटं बसायचं. ती वीस मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. हात कापत होते, रडू येत होतं, आनंद होता का तर होता, आणि त्याच्याबरोबर खूप जड असं काहीतरी होतं जे अजून गेलेलं नाही आणि जाऊ नये असं मला वाटतं. जवळ गेले तेव्हा डोळ्याला काडी लावून बघितलं, पापणी हलली नाही. फुप्फुसातून आरपार. मी बर्फात बसून तिच्या मानेवर हात ठेवला, उबदार होती. नमस्कार केला. आजींनी स्प्रूसची एक छोटी फांदी तोडून तिच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. जुनी जर्मन पद्धत, त्यांच्या वडिलांकडून आलेली.

मग टॅगवर तारीख, सही. आणि काम. चार तास. पोट न फाडता करायची पद्धत असते, एका कुशीवर ठेवून कातडं पाठीच्या कण्यापासून सोडवायचं, पुढचा पाय, मागचा पाय, पाठीची लांब पट्टी, मग उलटं करून दुसरी बाजू, शेवटी बरगडीमागून हात घालून आतल्या दोन मऊ पट्ट्या. चारही पाय आणि या पट्ट्या आणायच्याच असा कायदा आहे, खाण्याजोगं मांस टाकून आलात तर गुन्हा. आम्ही मानेचं आणि बरगड्यांचंही काढलं. मादी असल्याची खूण एका तुकड्याला तशीच जोडलेली ठेवायची, वन्यजीव विभागाच्या माणसांनी थांबवलं तर दाखवायला. आपल्याकडे खाटीक पंधरा मिनिटांत बोकड सोलतात ते बघून मला ते सोपं वाटायचं. त्या हातांना माझा सलाम आहे.

कॅम्प अडीच किलोमीटर. आजोबा प्लास्टिकची घसरगाडी घेऊन आले, बर्फ होता म्हणून ती चालली, नाहीतर सगळं पाठीवर. तीन फेऱ्या. शेवटच्या फेरीत मागचा एक पाय माझ्या पाठीवर होता, वीस-बावीस किलो, आणि मला रेड रॉक्सवरचं तांदळाचं पोतं आठवलं, वजन तेच, पण हे उचलताना मान आपोआप खाली जात होती. कॅम्पवर पोचेपर्यंत चंद्र परत वर आला होता. पिशव्या झाडाला उंच टांगल्या. खिचडी आजोबांनी केली, कुकरला आता ते घाबरत नाहीत.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

तंबू आवरला, गोठलेला कॅनव्हास घडीच होईना. गनिसनला वन्यजीव विभागाच्या ऑफिसात एल्कचं डोकं दिलं, तपासणीला. हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे, तो पहिल्यांदा लक्षात आला तो १९६७ मध्ये इथेच, फोर्ट कॉलिन्सला. जनावर वरून ठणठणीत दिसू शकतं, म्हणून घशामागच्या गाठी तपासतात. निकाल येईपर्यंत खायचं नाही, माझं ठरलेलं होतं.

घरी पोचले तेव्हा हॅलोवीनची पोरं रस्त्यावर. नवरा दारात चॉकलेटचं टोपलं घेऊन. त्याने टोपलं खाली ठेवलं, गाडीतल्या पेट्या एकेक करून गॅरेजमध्ये नेल्या, मधे एकदा माझे हात बघितले, थंडीने फुटलेले, आणि आतून व्हॅसलीन आणून दिलं.

निकाल आला तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, रोग नाही. त्या रविवारी केला तांबडा-पांढरा. एल्कच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते त्यामुळे तेल बोकडापेक्षा जास्त घातलं, नळीचे तुकडे कुकरला सहा शिट्ट्या, पांढऱ्याला खसखस आणि काजू. आईला फोन स्पीकरवर लावून ठेवला होता, ती तिकडून सांगत होती आता खोबरं घाल, आता झाकण ठेव. आजी-आजोबा आले. नवऱ्याने सगळ्यांसाठी भाकरी थापल्या आणि स्वतःला पिठलं केलं. आजोबांनी पांढरा रस्सा वाटीला तोंड लावून पिऊन टाकला आणि वाटी परत पुढे केली.